बिटमॅप रिकामा आहे का पाहायला बिटमॅप_वेट() महाग पडतंय?

प्रश्न: लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये ४०९६ बिटांचा बिटमॅप (० किंवा १ अशा बिटांची रांग) आहे. एकही बिट सेट (म्हणजे १) नाही ना, एवढंच बघायला, सेट बिट मोजणारं फंक्शन वापरून, बिटमॅप_वेट() == ० लिहिलंय. प्रोफाइलमध्ये (कुठे किती वेळ जातो त्याच्या मोजणीत) तेच वर येतंय. पॉपकाउंट या सेट बिट मोजणाऱ्या प्रोसेसर इन्स्ट्रक्शनने वेग वाढेल का?

उत्तर: एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर कर्नल ती आधीच वापरतो. पण ६४ शब्द (प्रत्येकी ६४ बिटांचे) मोजायचेच कशाला? बिटमॅप_एम्प्टी() पहिला सेट बिट दिसताच थांबतं. दोन बिटमॅपांमधले सामाईक सेट बिट मोजायचे असतील तर बिटमॅप_वेट_अँड() घ्या, तात्पुरती प्रत लागत नाही.

प्रश्नकर्ता: बहुतेकदा रिकामाच असतो.

उत्तर: मग सगळे शब्द चाळावेच लागणार. सेट बिटांची संख्या धरणारा वेगळा अ‍ॅटॉमिक काउंटर (अनेक सीपीयूंनी एकाच वेळी बदलला तरी न चुकणारा) ठेवा. ऑनलाइन (चालू) सीपीयूंच्या संख्येसाठी कर्नलही तेच करतो.