जावईबापूंचा ट्रॅक्टर: ‘आपला वाडा (फक्त घरचे)’ ग्रुपवरचा शनिवार

वैशाली: [फोटो]
वैशाली: ही माझी गाडी. बाहेर. पावसात. आत कोण आहे ते पुढच्या फोटोत बघा.
वैशाली: [फोटो]
मंदार: ताई, हे काय आहे? फोन बूथ?
वैशाली: कॅब आहे म्हणे, म्हणजे बंद केबिन. बर्फ साफ करायच्या त्या जुन्या हिरव्या ट्रॅक्टरवर बसवायची. तीन आठवडे झाले. समीर रोज रात्री जेवून गॅरेजमध्ये जातो तो साडेअकराला वर येतो, हाताला ग्रीस. आणि आता हवामानखात्याचा इशारा आलाय, गुरुवारपासून लेकवरून बर्फाचा पट्टा येणार.
आई: जावईबापूंना थंडी बाधेल. कानाला काहीतरी बांधायला सांग.
सुलूआत्या: सगळं छान आहे. पण बंद खोलीत इंजिनाचा धूर कुठे जाणार?
चिन्मय: वैशूताई, इथे कॅनडात, मिसिसॉगात आम्ही बर्फाला माणूस लावलाय. सीझनचे साडेपाचशे डॉलर. पहाटे येतो, साफ करतो, जातो. आपण झोपलेलो असतो.
वैशाली: हेच मी ऑगस्टपासून सांगतेय.
समीर: सर्वांना नमस्कार. चिन्मय, तुझं ठीक आहे, तुझा ड्राइव्हवे दोन गाड्यांचा. आमचा दोनशे फूट आहे, तोही खडीचा. आणि २०२२ चा नोव्हेंबर आठव. इथे न्यूयॉर्क राज्यात, बफेलोजवळ, ऑर्चर्ड पार्कला ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला, आमच्या शेजारच्या हॅम्बर्गला तसाच. रस्त्यावर गाडी आणायलाच बंदी. ज्याला आगाऊ पैसे दिले होते तो माणूस चौथ्या दिवशी आला आणि ‘एवढा बर्फ माझ्या पिकअपला ढकलत नाही’ म्हणून परत गेला.
मंदार: ८० इंच म्हणजे पावणेसात फूट. दाजी, त्यात तुमचा ट्रॅक्टरच सापडणार नाही.
समीर: साठू द्यायचंच नाही ना. दर आठ-दहा इंचांना एक फेरी. म्हणून तर कॅब. रात्री दोनला उडणाऱ्या बर्फाचे तुषार तोंडावर आले की चष्म्यावर बर्फ होतो.
अण्णा: समीरराव, हा लेकचा प्रकार मला अजून कळला नाही. वैशू म्हणते तिची मैत्रीण अ‍ॅमहर्स्टला राहते, अर्ध्या तासावर, तिच्याकडे ऊन होतं.
समीर: अण्णा, ईरी लेकचं पाणी नोव्हेंबरात अजून कोमट असतं. त्यावरून गार वारा लांबीच्या दिशेने आला की वाफ उचलतो आणि किनारा लागला की सगळं एका अरुंद पट्ट्यात टाकतो. वाऱ्याची दिशा जरा बदलली की पट्टा दुसऱ्या गावावर. जानेवारी-फेब्रुवारीत लेक गोठला की जोर कमी होतो.
अण्णा: म्हणजे आपल्याकडच्या वळवासारखं. बांधाच्या अलीकडे पाऊस, पलीकडे धूळ.
सुलूआत्या: बंद खोलीत इंजिनाचा धूर कुठे जाणार?
बापूकाका: आत्ता बागेतून आलो. छाटणीनंतरची फवारणी चालू आहे. काय झालं, कुठला ट्रॅक्टर?
मीनाकाकू: अहो वर वाचा ना आधी.
बापूकाका: वाचलं. जावईबापू, मॉडेल कोणतं, किती एचपी, पीटीओ (अवजार फिरवायचा शाफ्ट) कुठं?
समीर: बापूकाका, जॉन डिअर ३१८. हे मॉडेल १९८३ ते १९९२ निघालं, आमचा ८७ चा आहे. १८ एचपी, दोन सिलिंडर, पेट्रोल. हायड्रोस्टॅटिक आहे, क्लच-गिअर नाही. पीटीओ पुढे, इलेक्ट्रिक क्लचवर. ब्लोअर, म्हणजे बर्फ फेकायचं मशीन, पुढे लागतो, पट्ट्यावर चालतो, ४७ इंची, दोन टप्प्यांचा.
बापूकाका: दोन टप्पे म्हणजे?
समीर: पुढचा स्क्रू बर्फ मध्यभागी ओढतो, त्याच्या मागे पंखा आहे तो नळीतून लांब फेकतो. एका टप्प्याच्या मशीनमध्ये स्क्रूच फेकतो. भुसभुशीत बर्फाला तेही चालतं. पण टाउनचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रक, रस्ता साफ करताना आपल्या फाटकात जो ओला, दगडासारखा बांध घालून जातो, त्याला हे पाहिजे.
मंदार: १८ एचपी म्हणजे माझ्या स्कूटरच्या दुप्पट. वा.
बापूकाका: मंदार, एचपी बघू नये, वजन बघावं. जावईबापू, पुढं दीड-दोनशे किलोचं धूड टांगलं की मागची चाकं हलकी होतात. जागेवर फिरतील नुसती. कॅब राहू द्या, आधी मागं काय टाकलंय ते सांगा.
समीर: चाकांना लोखंडी वजनं आहेत, प्रत्येकी पन्नास पौंडांची. साखळ्या आणल्यात, अजून बसवल्या नाहीत.
बापूकाका: कमी पडतंय. आपण मागच्या टायरात पाणी भरतो. पाऊण टायर भरा. फुकटात वजन.
समीर: इथे उणे पंधरा होतं काका. टायरात बर्फाचा गोळा होईल. कॅल्शियम क्लोराईडचं पाणी भरतात, पण गळलं तर रिम खातं. म्हणून इथे बीटचा रस भरतात.
आई: बीटचा रस?
मंदार: आई, डोसही लिहून घे. सकाळी अनशापोटी, प्रत्येक टायरला दहा गॅलन.
चिन्मय: हिमोग्लोबिन वाढेल ट्रॅक्टरचं.
समीर: खरंच भरतात. साखर कारखान्याच्या बीटचा उरलेला भाग. जड असतो, गोठत नाही, गंजवत नाही.
मीनाकाकू: आमच्या पिंपळगावच्या पाहुण्यांना सांगते, तिकडे बीट कोणी विचारत नाही.
अण्णा: आपला जुना मॅसी ट्रॅक्टर असता तर हे बघायलाच नको होतं. त्याचं वजनच असं होतं की चिखलात उभा केला तरी हलायचा नाही.
बापूकाका: हलायचा नाहीच. इंजिन जाम होतं.
अण्णा: विकताना निदान एक फोन केला असता.
बापूकाका: दादा, २००९ ची गोष्ट आहे. दोन पावसाळे उघड्यावर उभा होता. नाशिकहून महिन्यातून एकदा येऊन बोनेटवरून हात फिरवणं वेगळं आणि बॅटरी-टायरचा खर्च करणं वेगळं.
अण्णा: हा मेसेज काढून टाकला आहे.
मीनाकाकू: दिंकाचे लाडू कुरिअरने गेलेत वैशू. दोन डबे आहेत, एक नीलिमाचा. मिळाले की कळव.
आई: अण्णांचं बीपी मोजायचंय, ते जरा बाजूला झालेत.
सुलूआत्या: बंद खोलीत इंजिनाचा धूर कुठे जाणार? मी तिसऱ्यांदा विचारतेय. मी पण या ग्रुपवर आहे.
वैशाली: आत्या, मी पण हेच विचारलं. मला उत्तर मिळालं, ‘बघतो’.
मंदार: खिडकी उघडी ठेवायची, एवढं काय.
सुलूआत्या: मंदार, गिझरच्या वेळी पण हेच म्हणाला होतास.
मंदार: तो विषय वेगळा होता.
बापूकाका: सुलूचं बरोबर आहे. जावईबापू, सायलेन्सर कुठं सोडलाय?
समीर: खाली, बाजूला. कॅबच्या पुढे.
बापूकाका: म्हणजे समोरून वारा आला की धूर तुमच्या पायाशी. आणि वारा कसा येईल ते तुम्हाला विचारून येत नाही. नळी वाढवून बाहेर, लांब काढा. पेडल जिथून वर येतात, लिव्हर जिथून येतात, ती सगळी भोकं रबरानं बुजवा. उब यावी म्हणून इंजिनाकडची बाजू मोकळी ठेवतात काही लोक. ती उब नसते एकटी.
समीर: खरं सांगायचं तर मी ती मोकळीच ठेवणार होतो, हीटर नाही म्हणून.
वैशाली: !!!
सुलूआत्या: कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग संपलं.
ईशान: डॅड, घरातला सीओ अलार्म कॅबमध्ये लावूया.
समीर: ते अलार्म चार अंशांच्या खाली भरवशाचे नाहीत, पाठीवरच लिहिलंय. थंडीत चालणारा वेगळा मागवतो. आणि मागची खिडकी अर्धी उघडीच राहील.
सुलूआत्या: आणि गॅरेजमध्ये इंजिन गरम करत बसू नका. दार उघडं असलं तरी नाही. बाहेर काढा, मग काय ते.
मंदार: मग थंडीच वाजणार ना? एवढा खर्च करून?
समीर: वारा आणि तुषार अडले तरी निम्मं काम झालं. बारा व्होल्टचा छोटा हीटर बघतोय, दीडशे वॅटचा.
मंदार: दाजी, दीडशे भागिले बारा, साडेबारा अँपिअर. दोन हॅलोजन पंचावन्न-पंचावन्नचे, ते नऊ. वायपर वेगळा. एवढ्या जुन्या मशीनचं चार्जिंग पंधरा-वीसच्या पुढे नसेल. हळूहळू बॅटरी बसेल, आणि तुमचा पीटीओ क्लच पण करंटवरच आहे म्हणालात.
समीर: हे मात्र डोक्यात नव्हतं आलं.
मंदार: एलईडी लावा. हीटरऐवजी काचेवर वारा मारायला पंखा. काच तुमच्या श्वासानेच आतून धुक्याळते.
वैशाली: मंदार कामाचं बोलला. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.
चिन्मय: सीझनचे साडेपाचशे. फक्त आठवण करून देतोय.
वैशाली: चिन्मय, ट्रॅक्टर बाराशे, ब्लोअर नऊशे, कॅब चारशे, साखळ्या, वजनं, आता बीट. मी हिशेब वहीत लिहितेय.
समीर: कॅब दुसऱ्या मॉडेलची आहे म्हणून स्वस्त मिळाली. ब्रॅकेट नवी करायला लागली एवढंच.
वैशाली: आणि डावं दार उघडलं की लिव्हरला अडतं, ते पण सांग.
समीर: आपण उजवीकडून चढू.
ईशान: आणि मी वर लावलेला केशरी फिरता दिवा! बापूआजोबा, फोटो पाठवू?
बापूकाका: पाठव राजा.
ईशान: [फोटो]
बापूकाका: दार किती उंच आहे गॅरेजचं?
समीर: सात फूट. म्हणजे ८४ इंच. कॅब ७८.
बापूकाका: आणि दिवा?
ईशान: आठ.
मंदार: मी आता पॉपकॉर्न घेऊन बसलोय.
समीर: ईशान, दिवा मागच्या बाजूला खाली घेऊ बेटा.
बापूकाका: साखळ्या चढल्या की अजून इंचभर उचलेल, तेही धरा. शिअर बोल्ट किती आणलेत?
समीर: ब्लोअरसोबत दोन आले होते.
बापूकाका: डझन आणा. आणि त्याच मापाचे, त्याच नरम लोखंडाचे. आपल्याकडं रोटाव्हेटरचा बोल्ट तुटला की पोरं हाताला येईल तो कडक बोल्ट ठोकतात. मग दगड आला की बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्स फुटतो. बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तुमची तर खडी आहे.
समीर: ब्लोअर ज्यांवर टेकतो ते खालचे बूट असे लावलेत की तो जमिनीपासून इंचभर वर राहील. खडी उचलणार नाही. थोडा बर्फ राहील खाली, तो दबून घट्ट होतो.
आई: नळीत बर्फ अडकला तर?
समीर: आई, काठी मिळते त्यासाठी. नळीला आतून सिलिकॉनचा फवारा मारला की ओला बर्फ चिकटत नाही.
वैशाली: हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी नाही. अडकलेल्या पात्यात ताण असतो, मोकळं झालं की फिरतं. आमच्या हॉस्पिटलला पहिल्या मोठ्या बर्फानंतर दरवर्षी बोटं येतात. मी ड्यूटीवर असते, मला नवऱ्याची बघायची नाहीत.
सुलूआत्या: बरोबर बोललीस बाळा.
अण्णा: समीरराव, एक सुचवू का. गुरुवारपर्यंत सगळं होणार नाही. ब्लोअर, साखळ्या, वजन एवढं करा. कॅब या खेपेला राहू द्या. जाड कोट घाला.
बापूकाका: दादा बोलला ते पटतंय.
मीनाकाकू: बघा, तारीख लिहून ठेवा.
समीर: पण कॅबचं सगळं जवळजवळ झालंय हो. फक्त भोकं बुजवायचीत, नळी वाढवायचीय, पंखा, दिवा.
वैशाली: आणि दार.
समीर: आणि दार.
चिन्मय: आमच्या माणसाचा नंबर देऊ का? तो बॉर्डर ओलांडणार नाही म्हणा.
अण्णा: चिन्मय, तुझ्या वडिलांना विचार, मॅसीचं बोनेट तरी ठेवलं होतं का कुणी.
चिन्मय: दादाकाका, ते बोनेट कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. मी दिवाळीत बघितलं.
अण्णा: फोटो पाठव.
बापूकाका: उद्या उजेडात काढून पाठवतो दादा. आता दहा वाजले. जावईबापू, ब्लोअरच्या शाफ्टला ग्रीसचे निपल किती सापडले?
समीर: तीन.
बापूकाका: अजून असतील. नळी फिरते तिथं बघा, आणि स्क्रूच्या दोन्ही टोकांना. रंग चढून बुजलेले असतात, चाकूनं खरवडा.
समीर: बघतो. ईशान, टॉर्च आण.