संग्रहालयाची सहल: मुलांच्या हातांना काम कसे द्यावे?

प्रश्न – कोपरीची पालक

नमस्कार. आमच्या चौथीच्या वर्गाची सहल यंदा रिसॉर्टऐवजी संग्रहालयात न्यावी, असे पालक-शिक्षक संघात ठरले आहे. मात्र रांगेने काचेपलीकडचे पाहायचे, वहीत नावे उतरवायची आणि डबा खाऊन परतायचे, एवढ्यासाठी बस करण्यात मला अर्थ दिसत नाही. मुलांनी हाताने काही करावे, ते एकमेकांच्या मदतीने करावे आणि त्यात त्यांची स्वतःची कल्पना उतरावी, अशी सोय ठाण्याहून एका दिवसात होईल का?

उत्तर १ – नेरूळ, प्राथमिक शिक्षिका

ताई, आधी काम ठरवावे आणि मग जागा. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथे जुन्या मुंबईतील निरनिराळ्या समाजांची आणि व्यवसायांची मातीची छोटी प्रतिरूपे आहेत, तर बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना पडून फुटला आणि त्याचे तुकडे पुढे १९१४ मध्ये जोडण्यात आले.

सहलीच्या आठवडाभर आधी आम्ही वर्गात प्रत्येक गटाला एक फुटके मडके देतो. खापरांच्या कडा काचकागदाने घासून बोथट केलेल्या असतात आणि प्रत्येक मुलाकडे दोन-तीनच खापऱ्या असतात, त्यामुळे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कोणाचेच काम पुढे सरकत नाही. एक-दोन खापऱ्या आम्ही मुद्दाम काढून ठेवतो. ती जागा शाडूने भरून तिच्यावर काय रंगवायचे, हे गटाने आपसांत ठरवायचे. येथे वाद होतात, ते होऊ द्यावेत. शिक्षकांनी मध्ये पडून निवाडा करू नये.

आणखी एक सांगते. राणीची बाग त्याच आवारात असली तरी त्या दिवशी ती कार्यक्रमात ठेवू नये, कारण पेंग्विनपुढे कोणत्याही मूर्तीचा टिकाव लागत नाही.

उत्तर २ – घोडबंदर रोड

मडक्याचा उपक्रम चांगला आहे, परंतु तो शाळेतच होत असेल तर भायखळ्यापर्यंत जायचे कशाला? त्यापेक्षा फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ पासून मुलांसाठी स्वतंत्र बालसंग्रहालय आहे आणि त्याच्या पहिल्या प्रदर्शनातील वस्तूंची निवड करण्यात शाळकरी मुलेच सहभागी होती. शिवाय या संस्थेची फिरत्या संग्रहालयाची बस शाळांपर्यंत जाते, तेव्हा तिच्याविषयीही चौकशी करावी.

उत्तर ३ – नेरूळ, प्राथमिक शिक्षिका

शंका रास्त आहे. ज्या मुलाने स्वतः खापऱ्या जुळवल्या आहेत, ते हत्तीसमोर नुसते उभे राहत नाही. सांधे कोठे आहेत, कोणता भाग नंतर भरला असावा, हे शोधत त्याच्याभोवती फिरते. आत मातीच्या प्रतिरूपांपुढेही तसेच होते. तेथे प्रत्येक गटाने एकच व्यवसाय निवडावा, त्याचे चित्र काढावे आणि परत आल्यावर तो करणारे माणूस आपल्या वस्तीत गाठावे. तुम्हाला चेंदणी कोळीवाडा जवळ आहे. जाळे विणणाऱ्या एखाद्या काकांनी तासभर वेळ दिला, तर मुलांना गाठ मारायला शिकता येईल. बालसंग्रहालयही उत्तम आहे, पण दोन्ही ठिकाणे एका दिवसात बसवू नयेत.

प्रश्नकर्ती – कोपरीची पालक

आभारी आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने भायखळा सरळ पडते, त्यामुळे तेच ठरवावे असे वाटते. फक्त आमच्याकडे सहलीसाठी बुधवार ठेवण्याची प्रथा आहे.

उत्तर ४ – कळवा

बुधवारी ते संग्रहालय बंद असते. गुरुवार घ्यावा आणि गट किती मुलांचा आहे, हे संग्रहालयाला आधी पत्राने कळवावे.