मवाळपणा नक्की कशातला? भाषेतला, राजकारणातला की श्रद्धेतला?

कऱ्हाकाठ:
परवा एका व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालू होती. विषय आजच्या राजकारणाचा. एक तरुण उठून म्हणाला, "आधी दोन्ही बाजूंचे आकडे तपासू, मग बोलू." त्यावर मागून आवाज आला, "बसा अर्ज-विनंत्या करत, गोखल्यांसारखे!" टाळ्या पडल्या. मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून हा धागा.

मवाळ आणि जहाल असे दोन गट आपण शाळेत शिकलो. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, व्यासपीठावर जोडा आला, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण माणसं त्या दोन गटांत बसत नाहीत. टिळक राजकारणात जहाल. १८९१ साली संमतिवयाचं विधेयक आलं, नवऱ्याशी शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा करायची एवढंच, तर परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून त्यांनी कडाडून विरोध केला. आगरकर श्रद्धेच्या प्रश्नावर इतके कडक की जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. तरी त्यांच्या 'सुधारक' पत्राचं ब्रीद काय? इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार. बोलण्यात तडजोड नाही, करण्यात मात्र शक्याशक्यतेचा विचार. रानडे प्रार्थना समाजाचे, मूर्तिपूजा न मानणारे. पण १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचा गवगवा झाला तेव्हा त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्या चहाला टिळकही होते आणि प्रायश्चित्त त्यांनीही घेतलं, हे आपण सोयीने विसरतो.

आता गोखले, मवाळांचे पुढारी. भाषा मऊ, मान्य. मागणी मऊ होती का? १९०२ पासून ते दरवर्षी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहायचे आणि सरकारच्याच आकड्यांनी सरकारला कोंडीत पकडायचे. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. सगळं श्रेय एकट्या गोखल्यांचं असं मी म्हणत नाही, पण गरिबाच्या मिठाचा हिशेब त्या सभागृहात दरवर्षी मांडणारा माणूस घाबरट नव्हता. आवाज चढवला नाही म्हणजे मागणी सोडली, हा समज मला मान्य नाही.

भुसावळ जंक्शन:
असहमत. कर उतरला ते आठवलं, पुढचंही आठवा. १९२३ साली कायदेमंडळाने नाकारलेला असताना व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात तोच कर पुन्हा अडीच रुपयांवर नेला. म्हणजे अर्जाने मिळालेलं एका सहीने गेलं. देणाऱ्याच्या मर्जीवर मिळालेली गोष्ट हक्क नसते. १९३० साली लोक समुद्रावर मीठ उचलायला गेले ते याचमुळे.

आणि १८९७ ची माफी? प्लेगच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले, असं गोखले विलायतेत बोलले आणि परत आल्यावर त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्याच सुमारास टिळक राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षासाठी तुरुंगात गेले. लोकांनी कोणाला डोक्यावर घेतलं आणि का घेतलं, यात काही गूढ नाही.

कऱ्हाकाठ:
@भुसावळ जंक्शन, माफीचा मुद्दा नेहमी येतो, म्हणून नीट सांगतो. ती माहिती पुण्याहून आलेल्या पत्रांतली होती. लिहिणाऱ्यांची नावं उघड केली असती तर त्या दिवसांत त्यांचं काय झालं असतं, याची कल्पना करा. पुण्यातल्या नातू बंधूंना खटला न चालवता अटक झालीच होती. गोखल्यांपाशी दोन वाटा होत्या, नावं सांगून स्वतः सुटायचं किंवा आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून तो मागे घ्यायचा. त्यांनी दुसरी वाट धरली आणि आयुष्यभर टोमणे खाल्ले. मला यात भित्रेपणा दिसत नाही. जे सिद्ध करता येत नाही ते जाहीरपणे मागे घेणारा राजकारणी आज कुठे दाखवता येईल?

मिठाचं १९२३ चं मान्य. पण १९३० पर्यंत तो कर कोणाच्या पोटावर येतो हे देशाला कळलेलं होतं. ते सांगायला कोणीतरी आधी उभं राहिलं होतं ना?

रानजाई:
दोघंही पुरुषांच्या तुरुंगवासाचा आणि माफीचा हिशेब मांडताय. मला दुसराच हिशेब मांडायचा आहे. मवाळपणाला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या आयुष्यातून जातो?

१८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे ते, वय तिशीचं. वडिलांचा शब्द मोडवेना, म्हणून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्यांनी तिला शिकवलं, पुढे ती रमाबाई रानडे झाली, पुण्यात सेवासदन उभं राहिलं, हे सगळं मला माहीत आहे आणि त्याचा मला आदरही आहे. पण शिकण्यापायी घरातल्या बायकांचा जाच सोसला तिने. समाजाला सांभाळून घेण्याची किंमत त्या अकरा वर्षांच्या मुलीने मोजली, न्यायमूर्तींनी नाही.

उलट रखमाबाई पाहा. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, १८८७ साली कोर्टाने तुरुंगाची भीती घातली तर तुरुंगात जाईन म्हणाली. पुढे डॉक्टर झाली. तिने मधला मार्ग शोधला असता तर तो थेट त्या नवऱ्याच्या घरात गेला असता. काही प्रश्नांत मध्य नसतोच. मुलीचं वय दहा असावं की बारा, यात कोणी अकरा म्हणाला तर त्याला समतोल म्हणाल का?

इंद्रायणीचा:
रानजाई, +१. शेवटचं वाक्य वाचून थांबलोच.

करवीरकर:
मला वाटतं हा सगळा वाद वरच्या माडीवरचा आहे. तळमजल्यावर काय चाललं होतं? १८८५ साली रानड्यांनी जोतीराव फुल्यांना ग्रंथकार सभेचं आमंत्रण दिलं. जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारलं. जे लोक माणसांचे हक्क उघडपणे द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा रोख. भाषा तिखट. ती तिखट नसती तर कोणी ऐकलं असतं?

पण तेवढंच सांगून थांबलो तर अर्धं सांगितल्यासारखं होईल. १८७५ साली पुण्यात आर्य समाजाच्या दयानंदांची मिरवणूक निघाली, सनातन्यांनी दंगा केला, चिखलफेक झाली. तेव्हा रानड्यांच्या बाजूने आपली माणसं घेऊन जोतीरावच उभे राहिले होते. दहा वर्षांनी आमंत्रण नाकारणारे तेच. रस्त्यावर सोबत आणि सभेला नकार, हे दोन्ही एका माणसाला शोभतं.

आता गोखल्यांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाबद्दल. १९११ साली मांडलं ते किती सौम्य होतं! सहा ते दहा वर्षांची मुलं, तेही जिथे आधीच बऱ्यापैकी मुलं शाळेत जातात तिथे, तेही नगरपालिकेने ठरवलं आणि सरकारने मंजुरी दिली तर. तरी १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. आमच्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बडोद्यात सयाजीरावांनी त्याच्याही आधी. हातात सत्ता असेल आणि मनात असेल तर विनवण्या लागत नाहीत.

कऱ्हाकाठ:
@करवीरकर, सत्ता होती म्हणून जमलं हे तुम्हीच म्हणालात. गोखल्यांच्या हातात एक मत आणि एक भाषण होतं. विधेयक इतकं सौम्य करण्यामागे हेतू हा की नाकारणाऱ्याकडे कारणच उरू नये. तरीही नाकारलं, म्हणजे सरकारला मुलं शिकवायची नाहीत हे उघडं पडलं. विरोध करणाऱ्यांत आपलेही होते, जमीनदारही होते. मोठी घोषणा केली असती तर "हे अव्यवहार्य आहे" म्हणून सगळे सुटले असते.

@रानजाई, मुलीच्या वयात अकराला समतोल म्हणणार नाही. पण बाराचा कायदा झाला तो रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारख्यांनी शास्त्रार्थ लावून, अर्ज करून, वर्षानुवर्षं बोलून. ज्यांना तुम्ही मवाळ म्हणता त्यांनीच जहालांच्या विरोधात तो पार पाडला. त्या वादात टोकाला कोण होतं?

पैनगंगा:
एक भर घालते. १९१६ साली लखनौला काँग्रेसचा मुस्लिम लीगशी करार झाला, मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले, त्यामागे टिळक होते. जहालांचा मेरुमणी देवघेव करायला बसला. ती देवघेव बरोबर होती का, यावर मी स्वतः साशंक आहे, पुढे त्याचे परिणाम झाले. पण टिळकांचं नाव घेऊन तडजोडीलाच शिवी देणाऱ्यांनी लखनौ वाचावं. आणि १९१५ साली गोखले गेले तेव्हा त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हणणारे टिळकच होते, स्मशानात, लोकांसमोर.

भुसावळ जंक्शन:
चितेसमोर कोणीही चांगलंच बोलतो. आणि टिळक लखनौला बसले ते मंडालेचा तुरुंग भोगून आल्यावर. पाठीमागे लोक उभे होते म्हणून त्यांच्या तडजोडीला वजन होतं. गोखल्यांच्या पाठीमागे कोण होतं?

करवीरकर:
याचं उत्तर बाबासाहेबांनी दिलंय. १८ जानेवारी १९४३, रानड्यांची जयंती, पुणे, गोखले स्मारक सभागृह. गांधी आणि जिना यांच्याशी तुलना करून त्यांनी रानड्यांना उचलून धरलं. कायद्याने दिलेले हक्क समाजाच्या मनात उतरले नाहीत तर टिकत नाहीत, हे रानड्यांना कळलं होतं, असा त्यांचा मुद्दा. चवदार तळ्यावर गेलेला माणूस हे बोलतो, त्याला मऊपणाचं कौतुक नव्हतं. आणि उदारमतवाद्यांकडे संघटना नाही, ते लोकांत जात नाहीत, हेही त्याच भाषणात सुनावलं. भुसावळकर म्हणतात ते दुखणं खरं आहे. मात्र दुखणं लोकांत न जाण्याचं आहे, सौम्य बोलण्याचं नाही.

रानजाई:
हे पटतंय, पण पूर्ण नाही. @कऱ्हाकाठ, संमतिवयाचं श्रेय मवाळांना देताना विधेयकाच्या आधी कलकत्त्यात नवऱ्याच्या हातून मेलेली फुलमणी विसरू नका. कायदा हलला तो शास्त्रार्थाने थोडा आणि त्या मुलीच्या मरणाने जास्त. माझा प्रश्न अजून तिथेच आहे. पुढच्या वेळी कोणी "हळूहळू घेऊ" म्हणेल, तेव्हा ज्याचं आयुष्य थांबणार आहे त्याला विचारलं जाईल का? त्या व्याख्यानातल्या तरुणाला आकडे तपासू द्या, मी त्याच्या बाजूची आहे. फक्त ज्यांचे आकडे आहेत ती माणसं तपासणीला समोर बसलेली हवीत.

कऱ्हाकाठ:
ती अट मला मान्य आहे. संमतिवयाच्या वेळी सभांमध्ये, अर्जांवर, वर्तमानपत्रांत बायका किती होत्या, यावर तुम्ही स्वतंत्र लिहा. मी वाचायला आणि वाद घालायला येईन.