न दुखता किडलेले दात : तुमचे अनुभव

लेकीच्या दातांची तपासणी झाली, एक दाढ किडलीय म्हणाले. तिला काहीच दुखत नाही. ऐकल्यावर बाबा आठवले. त्यांचीही दाढ कधी दुखली नाही. जेवताना एकदम तुकडा पडला आणि बघतो तर आत पोकळ. एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणात, नसच नसते, त्यामुळे कीड त्याखालच्या थरात, डेंटिनमध्ये, शिरली तरी कित्येकांना पत्ता लागत नाही. तुमच्याकडे असं कुणाचं झालंय का? जरूर लिहा.

*

माझी दोन दाढांच्या मधोमध होती. आरशात दिसेना, जिभेला लागेना. एक्स-रेत सापडली. तिथे फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा) मात्र दर वेळी अडकून तुटायचा.

*

+१. आणि एकाच जागी घास अडकत राहणं.

*

लेक केवढी आहे? सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची. दुधाचा दात न पडताच येते, म्हणून लोकांना वाटतं पडेलच ही. आमच्या भाचीची तशीच गेली, अजून हळहळ वाटते. बाकीच्या चांगल्या असतील तर खाचा सीलंटने (डेंटिस्ट लावतात तो पातळ लेप) बुजवता येतात.

*

सात पूर्ण. तीच दाढ आहे हो!! उद्याच विचारते, खूप आभार.

*

ठणका थांबला म्हणजे बरं झालं असं धरू नका प्लीज. सासूबाईंचा आपोआप थांबला, घरात सगळे निश्चिंत. नस मेली होती. पुढे हिरडीवर पुळी, फुटायची, परत यायची, तीही न दुखणारी. आत पू.

*

रूट कॅनलच्या दाढेचंही तेच, कॅपखाली परत किडली तर कळवणार कोण, नस काढलेली असते.

*

थोडं अवांतर. आईचं तोंड गोळ्यांमुळे सतत कोरडं. लाळ कमी झाली तशी हिरडीलगत मुळांपाशी कीड लागली. रात्री झोपही नाही बिचारीला. काय करता तुम्ही?

*

ताई, आमच्या काकांना हाच त्रास. उशाशी पाणी ठेवतो. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, कधीकधी बदलून देतात. आपल्या मनाने बंद नका करू. जागरणं तुमचीही होत असतील, जपा.

*

पांढरट खडूसारखा डाग दिसला तर तेव्हाच दाखवा. खड्डा पडायच्या आधी फ्लोराइडने कीड थांबू शकते, माझी थांबली. बाळ उठलं, बाकीचं रात्री लिहिते.