'पाल्याकडे लक्ष द्यावे' म्हणजे नेमकं काय? (अनुभव धागा)

खडूधूळ
कपाट आवरताना जुनी सायक्लोस्टाइल चिठ्ठी सापडली: "पाल्याकडे लक्ष द्यावे, अभ्यास नियमित घ्यावा, शाळेस सहकार्य करावे." या जूनमध्ये व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सूचना पाहिल्या, शब्द न् शब्द तेच! लक्ष द्यावे म्हणजे संध्याकाळी सात वाजता कुठं बसून काय करावे, ते कुणीच लिहीत नाही.
शिकवणारे, शिकवलेले, पालक, सगळ्यांनी लिहा. स्वतःची गोष्ट नको, बारकावे हवेत. पहिलीपासून सुरुवात करू. 'रोज वाचन घ्या' ऐवजी 'जेवणाआधी १० मिनिटं. मूल बोट ठेवून वाचेल, तुम्ही शेजारी बसा, समोर नको. अडलं तर पाचपर्यंत मनात मोजा, मग शब्द सांगा आणि पुढं जा' एवढं लिहिलं तरी फरक पडतो. समोर बसलं की आपल्याला अक्षरं उलटी दिसतात आणि मुलाला वाटतं परीक्षा चाललीय.

बेएकेबे
+१. पाचपर्यंत मोजणं सगळ्यात अवघड, मोठ्यांना दमच नसतो.
वाचनाचा वेग बघायचा तर घरीही जमतं. निपुण भारतमध्ये (लहान वर्गांच्या वाचन-गणिताचं केंद्राचं अभियान) दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० अशी अपेक्षा आहे. न वाचलेला उतारा घ्या, मोबाइलवर एक मिनिट लावा, वाचलेले शब्द मोजून चुकलेले वजा करा. गडबड होते ती इथं: पाठ्यपुस्तकातला धडा दिला तर अर्धा धडा पाठ असतो. नजर पानावर नाही आणि गाडी सुसाट! मधलाच एखादा शब्द झाकून विचारा, लगेच कळतं. शिवाय वाचून झाल्यावर एक प्रश्न 'का' ने सुरू होणारा. वेग ७० आणि अर्थ शून्य असलेली मुलं भरपूर आहेत.

टपरीवरचा
आमच्याकडे 'का' ने सुरू होणारे सगळे प्रश्न मूलच विचारतं, त्याचं काय करायचं? 😀

घंटा_झाली
पालकसभेच्या वेळेचं बोला आधी. दुपारी चारची सभा म्हणजे शिक्षकांची सोय. गावाकडं जूनच्या उत्तरार्धात पेरणी, कोकणात जुलैत लावणी, त्यात आठवडी बाजाराचा वार. तेव्हा ठेवली की सही करायला आजोबा येतात. आठवडाभर आधी मुलांकडून 'सकाळी ८ / संध्याकाळी ६' यावर खूण करून आणा आणि जास्त मतं असतील ती वेळ ठरवा.
४० मिनिटांच्या वर नको. पहिली १० मिनिटं वर्गाचे नियम (तीन-चारच, फळ्यावर लिहून), १५ मिनिटं एक गोष्ट करून दाखवायची, उदा. हातच्याची बेरीज काड्यांचे गठ्ठे करून. पालकांना 'एक हातचा' एवढंच आठवतं, तो दहाचा गठ्ठा आहे हे नाही. मग घरी आणि शाळेत दोन पद्धती आणि मूल मधोमध. उरलेला वेळ प्रश्नांना. एकेका मुलाची तक्रार सगळ्यांसमोर काढायची नाही, हे शिक्षकांनी आणि पालकांनी दोघांनीही पाळायचं.

पाटीपेन्सिल
पहिलीत येणाऱ्या मुलांची शाळेची तयारी बघणारे 'पहिले पाऊल'चे मेळावे असतात ना. नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणन आणि माता-पालकांना मार्गदर्शन असे सात स्टॉल. विकासपत्र भरून घरी देतात. ते फाइलमध्ये जातं नि संपलं. खरं तर त्यात 'मदतीची गरज' अशी खूण जिथं आहे तेवढं एकच बघायचं आणि आईला दोनच खेळ सांगायचे. चिंचोके दहा-दहाचे ढीग करून मोजणं, भाजीच्या पिशवीतनं आकार ओळखणं.

डबेवाली
वर्गात लक्ष नाही म्हणजे बऱ्याचदा भूक. मधली सुट्टी छोटी, त्यात हात धुणं. डबा घेतल्यावर मुलाला स्वतः तीनदा उघडून-बंद करायला लावा, रबर बसवलेलाही. उघडत नसेल तर मूल कुणाला सांगत नाही, तसाच परत आणतं. आपण म्हणतो जेवत नाही. पोळीचा रोल दोन बोटं जाड, चार तुकडे. रस्सा नको, दप्तरात सांडतो. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकला १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं (सहावी ते आठवी १५०), म्हणून तिथं जेवणाऱ्या मुलाला घरून मोठा डबा नको, फळ पुरे.

चाफा
आणि पाण्याची बाटली! १ लिटर म्हणजे एक किलो. दप्तर मुलाच्या वजनाच्या १०% च्या आत असावं. २२ किलोचं मूल तर २.२ किलो. त्यातला एक बाटलीतच गेला. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्धा लिटर द्या. वेळापत्रक दप्तराच्या झाकणात आतून चिकटवा, मुलं स्वतः काढतात-भरतात.

टपरीवरचा
दप्तर स्वतः भरलं की त्यात दगड, गोट्या, एक मेलेला भुंगा.

चाफा
भुंगा वजनाला हलका असतो, चालेल 😄

कायद्याचा_कंटाळा
दोन समित्यांची गल्लत करू नका. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती, शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ नुसार: तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. विनाअनुदानित खासगी शाळेत फी ठरवताना पालक-शिक्षक संघ, राज्याच्या २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे, वर्ष सुरू झाल्यावर ३० दिवसांत. त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, 'ओळखीच्या ताई' म्हणून नाही. सभेला चिठ्ठी पडत असताना तिथं हजर राहा. फी वाढल्यावर ओरडण्यापेक्षा हे सोपं.

पाऊसपाणी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आधार! मुलाचं नाव जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेच्या रजिस्टरला तिसरं. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, जन्मतारीख, लिंग हे तिन्हीकडे ताडून बघा. पाच वर्षं झाली की बायोमेट्रिक अद्ययावत करायचं असतं, पंधराव्या वर्षी परत. सुट्टीतच उरका, शाळा सुरू झाल्यावर आधार केंद्रावर नुसती रांग.

बेएकेबे
गृहपाठाचं राहिलं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सभेत हे विचारा, भांडायला नाही, वेळ कुठं खर्च करायचा ते ठरवायला. आणि वहीवर आईने लिहू नका हो. सुबक अक्षर बघून शिक्षकांना वाटतं आलं सगळं.

घंटा_झाली
ग्रुपचं पण. सूचनांचा एक गट, त्यात फक्त शिक्षक लिहितील. नाहीतर 'उद्या शाळा ११ वाजता' वर 'धन्यवाद मॅडम' ४७ वेळा आणि मूळ सूचना वर वाहून जाते. उत्तर कधी मिळेल तेही पहिल्याच दिवशी सांगून टाका, उदा. साडेपाच ते सहा.

चाफा
कव्हरचा खाकी कागद कुठला टिकतो? गेल्या पावसात बुरशी आली.

पाऊसपाणी
वरून प्लास्टिक चढवलं असेल, आत दमट राहतं. नुसता जाड खाकी, पुस्तकापेक्षा तिन्ही बाजूंनी चार-पाच सेंमी जास्त. कण्यापाशी वर-खाली खाच कापून घडी आत सारा, खळ लावू नका. पुस्तक बंद करून घडी घाला, उघडं धरून नाही, नाहीतर मुखपृष्ठ ताणून कागद फाटतो. कुकरची तिसरी शिट्टी, पळते.