परदेशी बाळंतपण आणि घरच्यांचा रहिवास : तुमचे अनुभव लिहा

मृदुला_क

काल पुतणीचा फोन आला. दोघं दुबईत असतात, तिला चौथा महिना. "काकू, इराचा जन्म ब्राझीलचा ना? आम्हीपण तिकडे जावं म्हणतोय. एजंट म्हणाला, बाळ झालं की घरच्या सगळ्यांना कागद मिळतात." फोन ठेवला आणि ते सगळं वर्ष पुन्हा आठवलं. रात्री झोप लागेना, म्हणून इथे लिहितेय. तुमचेही अनुभव हवेत, तिला वाचायला देणार आहे.

आमचं असं झालं. यांचं कंपनीच्या कामासाठी ब्राझीलमधल्या कांपिनासला येणं-जाणं होतं, पोर्तुगीज कामापुरती जमायची. २०१८ ला दिवस राहिले आणि आम्ही ठरवून तिकडे गेलो. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेप्रमाणे तिथल्या मातीत जन्मलेलं बाळ ब्राझीलचं नागरिक, आईवडील परदेशी असले तरी (फक्त परदेशी सरकारच्या नोकरीवर तिथे आलेले नसावेत). २०१७ च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे त्या बाळाच्या आईवडिलांना कुटुंब एकत्र राहावं या कारणाने कायमचा रहिवास मिळू शकतो. म्हणजे एजंट खोटं बोलत नाही. पण "मिळतात" या शब्दाच्या आत काय काय आहे ते तो सांगत नाही.

दवाखान्यातून जन्माचा एक पिवळा कागद देतात, तो घेऊन कार्तोरिओत, म्हणजे नोंदणी कचेरीत जायचं. जन्मदाखला फुकट, त्यावरच बाळाचा कर क्रमांक. इथवर लोण्यासारखं. पुढे फेडरल पोलिसांकडे आमचे अर्ज : भारतातला पोलीस दाखला, लग्नाचा दाखला, माझा जन्मदाखला, सगळ्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) आणि शपथबद्ध अनुवादकाकडून पोर्तुगीज अनुवाद. माझा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, नुसता मराठीत. मराठीतून अनुवाद करणारा शपथबद्ध अनुवादक काही मिळेना. भावाने गावाकडे हेलपाटे घालून इंग्रजी दाखला काढला, मग मुंबईहून अपोस्टिल, मग कुरिअर. तोवर मी ओली बाळंतीण, मांडीवर इरा, आणि व्हिसाची मुदत संपत आलेली. तो ताण आठवला की आजही पोटात गोळा येतो.

माणसं मात्र फार चांगली. प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक माणूस आत घ्यायचा हा तिथे बाईचा कायदेशीर हक्क आहे, २००५ पासून. हे पूर्ण वेळ हात धरून होते. माझ्या बहिणीला पुण्यात हे मिळालं नव्हतं. आई मात्र येऊ शकली नाही. ते अजून सलतं.

टेक्सासची_अनघा

धागा काढलास ते बरं केलंस गं. आमच्याकडे २०२५ चा जानेवारी. २० तारखेला ट्रम्पचा तो आदेश निघाला, तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या बाळांना नागरिकत्व नाही, आईवडील एच-वन, एच-फोरवर (नोकरीच्या आणि त्यावरच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असले तरी नाही. ग्रीनकार्डच्या रांगेत इतकी वर्षं बसलेले आम्ही, आणि आमचं बाळ जन्मतःच कुणाचं कोण? आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तिघी गरोदर होत्या. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांना विचार, आधीच सिझर करतात का. तिचा आठवा महिना चालू होता. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, बाळाची फुफ्फुसं अजून तयार व्हायची आहेत, कागदासाठी मी हे करणार नाही. ती घरी येऊन ढसाढसा रडली. मी नुसती बसून राहिले तिच्याजवळ.

चारच दिवसांत सिएटलच्या न्यायाधीशांनी आदेश थांबवला. बाळ दिवस भरून झालं, छान आहे.

पन्हाळा

वाचतोय. नंतर लिहितो, दुकानात गर्दी आहे.

राजश्री_शारजा

मृदुलाताई, तुमच्या पुतणीसाठी मुद्दाम लिहितेय, कारण आम्हीही आखातातलेच. इथे कितीही वर्षं राहा, बाळ इथे जन्मलं तरी इथलं होत नाही, व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की कपाट आवरायचं. त्यामुळे मुलाला तरी एक पक्का देश असावा असं वाटतंच. या वाटण्याला कुणी नावं ठेवू नका.

आम्ही कॅनडा निवडलं. तिथे बाळ नागरिक होतं, पण आईवडिलांना त्यावरून काहीच मिळत नाही. मूल अठराचं झाल्यावर त्याने अर्ज करायचा, त्यालाही उत्पन्नाची अट. हे आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते दवाखान्याचं. बाहेरच्यांना आधी मोठी अनामत भरावी लागते आणि प्रवासविमा नेहमीचं बाळंतपण धरत नाही. आमचा मुलगा लवकर झाला, काचेच्या पेटीत ठेवावा लागला. रोजचं बिल वेगळं. यांनी गावाकडची जागा विकायला काढली. मुलगा वाचला, आता शाळेत जातो, देवाची कृपा. पण पैशांचं गणित करताना अशा दिवसांचंही धरा, फक्त बाळंतपणाचं नको.

मृदुला_क

राजश्री 🙏 वाचून अंगावर काटा आला. पुतणीला हा प्रतिसाद आत्ताच पाठवला.

वैनगंगा

राजश्री ताई, तुमच्या लेकराला खूप आशीर्वाद. माझी मुलगी पण पेटीत होती, आमच्या इकडे नागपूरला. बाहेर बाकावर बसून राहायचं अन् दार उघडलं का धावत जायचं, बस. देश कोणता बी असो, ते सारखंच राहते.

शिरीष_डब्लिन

आयर्लंडची गोष्ट सांगतो, इथल्या नव्या मंडळींना माहीत नसेल. २००४ पर्यंत इथे जन्मलेलं बाळ आपोआप आयरिश, अगदी ब्रिटनमध्ये मोडणाऱ्या उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलं तरी. चेन नावाच्या एका चिनी बाईंनी सल्ला घेऊन तिथल्या बेलफास्टला बाळंतपण केलं आणि मुलीच्या आयरिश नागरिकत्वावर ब्रिटनमध्ये राहू द्या म्हणून दावा लावला. ऑक्टोबर २००४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो मान्य केला : तान्ह्या बाळाला राहायचा हक्क असेल तर त्याला सांभाळणाऱ्या आईलाही हवा. पण त्याआधीच, जूनमध्ये, इथे सार्वमत झालं आणि ७९ टक्क्यांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. १ जानेवारी २००५ पासून नुसत्या जन्मावर नागरिकत्व बंद. जी बाळं आधीच झाली होती त्यांच्या आईवडिलांना त्या वर्षी एका खास योजनेत रहिवास मिळाला, आमचं घर त्यातलंच. आमचा मोठा आयरिश जन्मतः, धाकटी नंतरची, तिचे कागद वेगळे. एकाच ताटात जेवणारी भावंडं.

सांगायचा मुद्दा, कायदे बदलतात. ब्रिटनने १९८३ ला बंद केलं, ऑस्ट्रेलियाने १९८६, न्यूझीलंडने २००६. आपल्याकडेही १ जुलै १९८७ पर्यंत भारतात जन्म पुरायचा, आता आईवडिलांचं बघतात. दहा वर्षांपूर्वीच्या कुणाच्या अनुभवावर तिकीट काढू नका.

कुडतरकर

आमच्या गोंयांत उलटं. जन्म इथलाच, फक्त नोंद पोर्तुगालात लिस्बनला! १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यांची मुलं, नातवंडं, सगळे तिथल्या मध्यवर्ती नोंदणीत जन्म नोंदवू शकतात. आमच्या वाड्यावरची निम्मी घरं बंद, माणसं इंग्लंडात, स्विंडनला नाहीतर साउथॉलला. गणपतीला दार उघडतात.

स्वाती_म्हापसा

कुडतरकर, विषय निघालाच आहे तर विचारते. आजोबा १९४० चे, पण आम्ही हिंदू, नोंद चर्चच्या नव्हे, जुन्या पोर्तुगीज वहीत आहे. आडनावाचं स्पेलिंग वडिलांच्या दाखल्यावर वेगळं आहे. चालतं का?

कुडतरकर

हिंदू-ख्रिस्ती फरक नाही, वहीतली नोंद महत्त्वाची. स्पेलिंगचं मात्र आधी इथे दुरुस्त करून घे, तिकडे अडतं. आणि बाबांना नीट विचार. पोर्तुगीज नागरिक झाले की भारतीय पासपोर्ट गेला, मतदान गेलं. पंचायतीच्या राजकारणात असतील तर घोळ होतो.

स्वाती_म्हापसा

बाबा पंच आहेत 😅 राहू दे मग.

नाशिककर_अमेय

मी त्या बाळांपैकी एक. जन्म न्यूजर्सीचा, बाबा तेव्हा तिकडे नोकरीला होते, मी तीन वर्षांचा असताना सगळे नाशिकला परत. आजी म्हणायची, "हा आपला अमेरिकेचा दरवाजा." अमेरिकेत मूल एकवीस वर्षांचं झाल्यावरच आईवडिलांना बोलावू शकतं. मी एकवीसचा झालो, आईबाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "आता द्राक्षं सोडून कुठे येऊ?" खरंच कुठे येतील. आईची भिशी, भजनी मंडळ, बागेतली माणसं. मी त्यांना दोष देत नाही, तेव्हा त्यांनी माझ्या भल्याचंच पाहिलं.

पण ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांना भारत देतो ते कार्ड) म्हणून इथे वाढण्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही ती सांगतो. मतदान नाही. सरकारी नोकरी नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळते तेवढीच. २०२१ च्या अधिसूचनेपासून नव्या ओसीआय मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशात एनआरआय जागांवर बसवतात. जगात कुठेही कमवा, अमेरिकेचं करपत्रक दरवर्षी भरा. मला शेतकी खात्यात जायचं होतं. एक परीक्षा देता आली नाही. पुतणीला हे वाचायला द्या ताई, कारण निर्णय तिचा आणि आयुष्य त्या बाळाचं.

टेक्सासची_अनघा

अमेय, हे असं कधी कुणी मांडलंच नव्हतं माझ्यासमोर. मुलाच्या बाबांना वाचून दाखवलं.

पन्हाळा

आलो. आमची बहीण मस्कतला. दोन्ही वेळेला बाळंतपणाला कोल्हापूरला आली. सातव्यात आणलं, आईनं न्हाऊ-माखू घातलं, शेक-शेगडी, टाळू भरणं सगळं. पाव्हणी म्हणून आली आणि पैलवान होऊन गेली बघा. मला त्या कायद्यातलं कळत नाही, पण बाईमाणसाला त्या दिवसांत आई पाहिजे.

गीता_बोरिवली

पन्हाळा १०० टक्के सहमत. डिंकाचे लाडू परदेशात न्यायला चालतात का हो? सूनबाई टोरांटोला आहे (नोकरीवर, बाळासाठी नाही गेली). सुंठ, खारीक, गूळ, अळीव सगळं घातलंय.

राजश्री_शारजा

गीताताई, विमानतळावरच्या कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं लिहा आणि मागितले तर दाखवा, मग काही होत नाही. दुधाचं काही नको. अळीव भाजून वेगळे द्या, तिथे ती खीर करून घेईल.

ॲड_मीनल

फक्त एक सांगते, कारण हे लोक हमखास लपवतात. अमेरिकेने जानेवारी २०२० पासून नियम केलाय की प्रवासाचा मुख्य हेतू बाळाला नागरिकत्व मिळवणं असेल तर पर्यटक व्हिसा नाकारता येतो. मुलाखतीत खोटं बोललात तर पुढे कायमचं दार बंद होऊ शकतं. सैल कुडते घालून पोट लपवायचे सल्ले देणारे एजंट नंतर फोन उचलत नाहीत. विमान कंपन्याही साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरचं पत्र मागतात, छत्तिसाव्यानंतर बहुतेक घेत नाहीत.

अर्जेंटिनाचंही सध्या विचारतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये एकाच विमानातून तेहतीस गरोदर रशियन बायका ब्युनोस आयर्सला उतरल्या होत्या. २०२५ मध्ये अर्जेंटिनाने स्थलांतराचे नियम बरेच कडक केले.

वैनगंगा

तेहतीस! मागे त्या युद्ध अन् समोर नवा देश. कशा मनानं बसल्या असतील त्या विमानात.

मृदुला_क

मीनल, आभार. वैनगंगा, कांपिनासलाही एक रशियन मुलगी माझ्या शेजारच्या खोलीत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला रशियन नाही, दोघी मोडक्या पोर्तुगीजमध्ये बाळांच्या दुधाबद्दल बोलायचो. तिची मुलगी आणि इरा, दोघींचे कान नर्सच्या ओळखीच्या औषधवाल्याकडे एकाच दिवशी टोचले. मुलींचे कान तान्हेपणीच टोचतात तिथे. आपलं बारशाचं काम तिथे झालं, मला इतकं बरं वाटलं होतं.

राजश्री_शारजा

ताई, ब्राझीलचं अजून विचारायचंय. दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. नागरिक व्हावं लागतं का? भारताचा पासपोर्ट सोडायची माझी तयारी नाही.

मृदुला_क

नाही गं. रहिवास वेगळा, नागरिकत्व वेगळं. रहिवासावर भारतीय पासपोर्ट तसाच राहतो. ब्राझिलियन मूल असेल तर एरवी चार वर्षं राहावं लागतं तिथे एका वर्षात नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पोर्तुगीज यावी लागते. ते घेतलं की भारताचं नागरिकत्व जातं. आम्ही घेतलं नाही. मात्र सबळ कारण न देता दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं तर रहिवास रद्द होऊ शकतो, म्हणून आम्ही जाऊन येऊन असतो.

आणि पिवळ्या तापाचं आत्ताच लिहून ठेव. ब्राझीलहून भारतात येताना त्या लसीचं प्रमाणपत्र विचारतात. गरोदरपणात ती लस सहसा देत नाहीत आणि अंगावर पाजतानाही डॉक्टर सांभाळूनच देतात. निघण्याआधी डॉक्टरांना विचार, लस देणार नसतील तर तसं पत्र घे आणि परतताना विमानतळावर काय लागेल तेही बघून ठेव. फोन नंबर व्यनि (खाजगी निरोप) कर, अनुवादकाचा पत्ता देते. फक्त तुझा जन्मदाखला इंग्रजीत आहे का ते आधी बघ.