जेनकिन्सचा जॉब टेस्टच्या टप्प्यावर अडकून बसतो. आधी मारावा की आधी तपासावा?

बिल्डताई
नमस्कार मंडळी. आमच्याकडे जेनकिन्स (बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारी प्रणाली), एकच एजंट (जॉब चालवणारं मशीन), जावाचा प्रकल्प, ग्रेडल (बिल्डचं साधन) आणि चाचण्यांसाठी पोस्टग्रेस डेटाबेस आहे. बिल्डला एरवी १४ मिनिटं लागतात. पण आठवड्यातून एकदोनदा जॉब टेस्टच्या टप्प्यावर पोचतो आणि तिथेच बसून राहतो. ना फेल, ना पास. शुक्रवारी संध्याकाळी अडकलेला जॉब सोमवारी सकाळी मीच बंद केला, तोवर मागे २१ जॉब रांगेत. सीपीयू जवळपास शून्य, मेमरी आणि डिस्क भरपूर. पुन्हा चालवला की हिरवा होतो, म्हणून खोलात कुणीच जात नाही, आणि मला हे फार खटकतं. टाइमआउट लावून मोकळं व्हावं का? कारण शोधायचं तर सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी
टाइमआउट आजच लावा. जेनकिन्सच्या पाइपलाइनला आपण सांगितल्याशिवाय वेळेची मर्यादा नसते. गिटलॅबमध्ये काही न सांगताही ६० मिनिटं असते, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये ३६०. तुम्हाला ३० पुरेत.

पण पुढच्या वेळी अडकलेला दिसला की लगेच मारू नका. पुरावा तो चालू असेपर्यंतच हाताशी असतो. एजंटवर लॉगिन करा, जेपीएस (चालू जावा प्रोसेसची यादी देणारी कमांड) चालवा. ग्रेडलच्या दोनतीन प्रोसेस दिसतील. बरेच जण इथे डीमनचा (ग्रेडलच्या मागे चालू राहणाऱ्या प्रोसेसचा) थ्रेड डंप, म्हणजे कोणता थ्रेड कोणत्या ओळीवर आहे याची नोंद, काढतात, आणि तो तर नुसता वाट बघत असतो. तुम्हाला हवा तो ग्रेडलवर्करमेन, म्हणजे चाचण्या चालवणारी प्रोसेस. त्यावर जेस्टॅक (थ्रेड डंप काढणारी कमांड) मारा, दहा सेकंदांनी पुन्हा मारा. दोन्ही वेळा टेस्टचा थ्रेड त्याच ओळीवर असेल तर तीच तुमची जागा. जेस्टॅक ज्या युजरने प्रोसेस चालवली त्याच युजरने चालवा, आणि एजंट कंटेनरमध्ये असेल तर आत शिरून.

सीपीयू शून्य म्हणताय, म्हणजे बहुतेक सॉकेटवर (नेटवर्क जोडणीवर) उत्तराची वाट बघणं चाललंय. पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरला सॉकेटची मुदत दिली नाही तर तो जन्मभर थांबतो.

खिडकीजवळ
टाइमआउटबद्दल थोडं वेगळं मत. ३० मिनिटांनी मारायचं आणि आपोआप पुन्हा चालवायचं, असं आमच्याकडे वर्षभर चाललं. अडकणं कमी झालं नाही, दिसेनासं झालं. टाइमआउट लावाच, पण मारण्याआधी थ्रेड डंप काढून तो जॉबच्या फाइलींत जपणारी पायरी जोडा. आपोआप रीट्राय मात्र नको.

बिल्डताई
सापडलं! काल दुपारी पुन्हा अडकला, आणि या वेळी मी हात लावला नाही. दोन्ही डंपमध्ये टेस्टचा थ्रेड सॉकेट वाचण्यावर, आणि त्याच्या खाली आमचाच टेबलं साफ करणारा कोड. मग पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी (पोस्टग्रेसमधल्या चालू सेशन्सची यादी) बघितलं. एक सेशन ट्रंकेटवर (टेबल रिकामं करणाऱ्या कमांडवर) लॉकसाठी थांबलेलं, दुसरं ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं बसलेलं. दोन्ही कनेक्शन आमच्याच वर्करची.

एक चाचणी फेल झाली की तिचा रोलबॅक (बदल मागे घेऊन ट्रान्झॅक्शन संपवणं) होतच नव्हता, कारण तो फायनली ब्लॉकमध्ये (चूक झाली तरी चालणाऱ्या कोडमध्ये) नव्हता. तिचं ट्रान्झॅक्शन उघडं राहायचं, आणि पुढच्या चाचणीआधीचा ट्रंकेट त्याच टेबलासाठी ताटकळायचा. ट्रंकेटला सगळ्यात कडक लॉक लागतो; कुणी नुसतं सिलेक्ट केलेलं ट्रान्झॅक्शन उघडं असलं तरी तो मिळत नाही. लॉगमध्ये वर ती फेल झालेली चाचणी दर वेळी दिसत होती, आम्ही फक्त शेवट बघत होतो.

एक शंका: पोस्टग्रेस स्वतः डेडलॉक (एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) ओळखतो ना? मग हा का नाही ओळखला?

रात्रपाळी
कारण त्याच्या दृष्टीने हा डेडलॉक नाहीच. तो फक्त लॉकसाठी एकमेकांची वाट बघणारी सेशन्स जोडून बघतो. तुमचं दुसरं सेशन कुणाचीच वाट बघत नव्हतं, रिकामं बसलं होतं. फास पूर्ण होतो तो जावाच्या बाजूने, आणि तिकडचं पोस्टग्रेसला दिसत नाही.

रोलबॅक दुरुस्त कराच. शिवाय टेस्टच्या डेटाबेसवर लॉक टाइमआउट आणि आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट लावा. दोन्हींचं मूळ मूल्य शून्य, म्हणजे बंद. पहिला १० सेकंद ठेवलात तर पुढच्या वेळी जॉब अडकणार नाही, ट्रंकेटच्या ओळीवर लाल होईल.

बिल्डताई
दोन्ही लावले. मुद्दाम एक चाचणी पाडून बघितली: जॉब अडकला नाही, लाल झाला, आणि ओळ क्रमांकासकट. जेस्टॅकची पायरीही आज पाइपलाइनमध्ये घातली. मनापासून आभार.